मुंबईचीं ऐतिह्यें : वाटाड्यांच्या ग्रंथांचें परीक्षण

मुंबई शहर पाहावयास येणाऱ्या परस्थ मनुष्याच्या हातीं जीं लहानमोठीं पुस्तकें पडतात, त्यांत या नगरीविषयींच्या 'मौजेच्या गोष्टी' सांगणारें एखादें प्रकरण बहुधा असतेंच. हें बेट एका राजकन्येच्या आंदणांत इंग्रजांस मिळालें. 'बॉम्बे' हें नांव पोर्तुगीजांनीं ठेविलें व त्याचा अर्थ 'चांगला उपसागर' असा आहे. येथें मूळचीं सात बेटें होतीं. आणि या शहरानें सर्व धर्मांच्या व सर्व भाषांच्या लोकांस पहिल्यापासून पोटाशीं धरिलें. इतकें सांगून झालें म्हणजे वाटाड्याचें काम संपतें. संशोधक मंडळी असल्या पुस्तकांकडे ढुंकूनहि पाहात नाहींत. मुंबई म्हणजे कालपरवांची इंग्रजांची वखार, तिला इतिहास तो कोठला, ही समजूत घाटावरील आम्हां लोकांत अजून पुरती गेलेली नाहीं. या उपेक्षेचा परिणाम असा झाला आहे कीं, इ. स. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें एक कोटि चोवीस लाख वस्तीच्या शहराचा इतिहास सांगण्याचें काम वाटाड्यांकडे जाऊन पडलें, आणि त्यांनीं सांगितलेल्या आख्यायिका शाळेंतील मुलांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र प्रमाण होऊन बसल्या. सबब या वर्गाच्या ग्रंथांचें एकवार नीट परीक्षण व्हावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

परीक्षणास कसोटी पाहिजे, आणि ती आपल्या शास्त्रकारांनीं घालून दिलेलीच आहे. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द इत्यादि प्रमाणांच्या जोडीस पौराणिक मंडळी 'ऐतिह्य' नांवाचें आणखी एक प्रमाण मानितात. 'या वडावर यक्ष राहतो' हें त्याचें नेहमींचें उदाहरण. लोक परंपरेनें तसें म्हणत आले आहेत. पहिल्यानें कोणीं म्हटलें हें मात्र कोणास सांगतां येत नाहीं. नैयायिकांनीं ऐतिह्यास स्वतंत्र प्रमाण मानिलें नाहीं. मूळ सांगणारा आप्त असेल तर तें शब्दप्रमाणांत मोडतें, आणि तो आप्त असल्याचा निश्चय होत नसेल तर तें प्रमाणच नव्हे, असा त्यांचा निर्णय आहे. वाटाड्यांच्या पुस्तकांतील प्रत्येक विधानास हाच एक प्रश्न विचारावयाचा: हें कोणीं पाहिलें, आणि कोणत्या कागदांत किंवा कोणत्या शिळेवर लिहिलें आहे?

या कसोटीस उतरणारा मराठींतील पहिला ग्रंथ म्हणजे गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन'. तें इ. स. १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. ग्रंथकार मूळचे गोमांतकांतील. लहानपणींच मुंबईस आले व तेथेंच शिक्षकाचा पेशा पत्करून राहिले. ग्रंथाचा काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आलेला, पैशाचा पूर वाहात असलेला, आणि जुन्या कोटाच्या भिंती पाडण्याचें काम नुकतेंच हातीं घेतलेलें, असा तो समय होता. दोनच वर्षांनीं, म्हणजे १८६५ सालीं, तो पूर ओसरून व्यापाऱ्यांचीं दिवाळीं निघालीं, आणि त्याच सालीं ग्रंथकारहि निवर्तले. तेव्हां एक शहर मोडून दुसरें उभें राहण्याच्या ऐन संधींत हें वर्णन लिहिलें गेलें आहे. ग्रंथकारांनीं त्यास 'इतिहास' न म्हणतां 'वर्णन' म्हटलें, यांत त्यांची विवेकबुद्धि दिसून येते. रस्ते, बाजार, जाती, धंदे, कचेऱ्या, वर्तमानपत्रें यांविषयीं ते लिहितात तेव्हां त्यांची लेखणी साक्षीदाराची असते. भाषा साधी, कोठें कोठें यादीसारखी रुक्ष. परंतु संशोधकास अलंकारापेक्षां यादीच अधिक उपयोगी पडते. पुरातन काळाविषयींच्या भागास मात्र तें मोल देतां येणार नाहीं. कारण शिलालेखांचें वाचन व पोर्तुगीज दफ्तरांचा अभ्यास हीं साधनें त्या वेळीं मराठी लेखकास जवळजवळ अनुपलब्ध होतीं. सन २००८ मध्यें मुरली रंगनाथन यांनीं या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यापासून परदेशस्थ अभ्यासकहि त्याचा आधार घेऊं लागले आहेत, ही संतोषाची गोष्ट होय.

पुढें १८८९ सालीं बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांनीं 'मुंबईचा वृत्तांत' लिहिला. १९०० सालीं डॉ. जर्सन द कुन्या यांचा मुंबईच्या उत्पत्तीवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. हेहि गोमांतकीयच, नाण्यांचे मोठे संग्राहक, आणि सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता १८७७ सालीं छापून काढणारे. १९०९ सालीं एडवर्ड्स यांचें तीन भागांचें गॅझेटियर आलें, आणि १९२४ सालीं राजवाड्यांनीं 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. इतकी सामग्री शंभर वर्षांपूर्वींच तयार असतां आजचा वाटाड्या काय सांगतो, तें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम नांवाचा विचार. 'बॉम बाहिया' म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून 'बॉम्बे', ही व्युत्पत्ति आज सर्वतोमुखीं आहे. हिला पहिली अडचण व्याकरणाची. पोर्तुगीज भाषेंत उपसागरवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याचें विशेषण 'बॉम' असें पुल्लिंगी येणार नाहीं, 'बोआ' असें यावें लागेल. स्वतःच्या भाषेंत नांव ठेवणारे लोक लिंगांत चुकले, असें मानणें धाडसाचें आहे. दुसरी अडचण कागदांची. १५५४ सालच्या पोर्तुगीज महसुली नोंदवहींत या बेटाचें नांव मकारानें आरंभ होणारें, 'मोंबाइम' अशा स्वरूपाचें आहे. हें बेट ज्याच्याकडे खंडानें होतें तो वैद्य गार्सिया द ओर्ता, यानेंहि १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथांत तसेंच रूप योजिलें आहे. बकारादि रूपहि जुन्या पोर्तुगीज लेखकांत आढळतें. पण नांव जर त्यांनीं स्वतः बकारादि घडविलें असतें, तर त्यांच्याच सरकारी वहींत मकार कोठून येता? तेव्हां देशी 'मुंबई' हें रूप मूळ व 'बॉम्बे' हा त्याचा अपभ्रंश, असाच क्रम लावणें प्राप्त होतें. १९९५ सालीं सरकारनें 'मुंबई' हें नांव कायम केलें, तें नवें नांव नसून जुन्याचा स्वीकार होता.

मात्र देशी पक्षाचेंहि सर्वच ग्राह्य नाहीं. मुंबादेवीच्या माहात्म्यांतील मुंबारक दैत्याची कथा ही नांवावरून रचलेली कथा आहे, कथेवरून पडलेलें नांव नव्हे. देवीचें मूळ स्थान कोटाच्या परिसरांत होतें व तटबंदीच्या कामासाठीं तें अठराव्या शतकांत हलवून आजच्या जागीं नेलें, ही माहिती त्या दैत्यापेक्षां अधिक मोलाची आहे. पण वाटाड्यास दैत्यच प्रिय! हाच प्रकार 'भेंडीबाजार' या नांवाचा. कोटांतील साहेबलोक त्यास इंग्रजींत 'बाजारामागची जागा' म्हणत व त्या शब्दाचा हा अपभ्रंश, असें कौतुकानें सांगतात. भेंडीचीं झाडें कोंकणच्या किनाऱ्यावर गांवोगांव आहेत. फणसवाडी, चिंचपोकळी, उमरखाडी हीं नांवें ज्या शहरांत झाडांवरून पडलीं, तेथें एकाच नांवासाठीं इंग्रजी शब्द शोधीत जाण्याचें प्रयोजन काय?

आतां आंदणाची गोष्ट. २३ जून १६६१ रोजीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तह झाला व त्याच्या अकराव्या कलमानें मुंबई इंग्रजांस देण्याचें ठरलें, हें खरें. परंतु या कलमाचें कारण लग्नाची हौस नव्हे. पूर्वेकडील पोर्तुगीज ठाणीं डच लोक एकामागून एक घेत चालले होते, त्यांच्याविरुद्ध इंग्रजांचें साहाय्य मिळावें, हा त्यांतील डाव होता. शिवाय तह झाला म्हणजे बेट मिळालें असेंहि नव्हे. १६६२ सालीं सर अब्राहाम शिपमन सुमारें चारशें शिपाई घेऊन आला, तों पोर्तुगीज व्हाइसरॉयनें ताबा देण्याचें साफ नाकारलें. ही फौज कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर पडून राहिली. तेथें शिपमन व त्याचे बहुतेक लोक मेले. शेवटीं त्याचा चिटणीस हम्फ्री कुक यानें उरलेल्या मूठभर लोकांनिशीं १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं ताबा घेतला. हा विधि डोना इग्नेझ द मिरांडा नामक विधवेच्या वाड्यांत झाला. तीच त्या वेळीं बेटाची मालकीण होती. चारशें माणसांच्या स्मशानावरून गेलेली ही वाट वाटाड्यांच्या पुस्तकांत 'लग्नाची भेट' या दोन शब्दांत आटोपते.

याहून मोठी चूक क्षेत्रासंबंधाची आहे. इंग्रजांस मिळालें तें मुंबईचें बेट. माहीमची बाजू कुकनें मागाहून बळानें घेतली. साष्टी बेट त्या तहांत नव्हतेंच. तें पोर्तुगीजांकडेच राहिलें; १७३७ सालीं मराठ्यांनीं तें घेण्यास आरंभ केला, १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई सर केली, १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टी बळकाविली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. १९५० व १९५७ सालीं साष्टीचीं उपनगरें मुंबईच्या हद्दींत आलीं. २०११ च्या खानेसुमारींत जुन्या शहराच्या जिल्ह्यांत सुमारें ३१ लाख व उपनगर जिल्ह्यांत सुमारें ९४ लाख वस्ती निघाली. म्हणजे आजच्या मुंबईकरांपैकीं चारांत तीन ज्या भूमीवर राहतात, तिचा राजकन्येच्या आंदणाशीं कांहीं एक संबंध नाहीं. संबंध आहे तो चिमाजी आप्पांच्या मोहिमेशीं व सालबाईच्या तहाशीं. घाटावरील संशोधकानें मुंबईस परकी समजूं नये, याला याहून सबळ कारण कोणतें पाहिजे?

सात बेटांची गोष्ट निराळ्या जातीची आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माजगांव, परळ, वरळी व माहीम अशीं सात नांवें देतात आणि लगेच टॉलेमीच्या 'हेप्टानेशिया' म्हणजे सप्तद्वीपाचा दाखला जोडितात. टॉलेमीचें तें स्थळ म्हणजे हीच बेटें, हें मात्र अनुमान आहे; आणि भरतीला पाणी व ओहोटीला चिखल अशा भूमींत बेटांची गणना मोजणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून असते. येथें खरी लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट संख्येची नव्हे, भरावाची आहे. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंड बुजविणारा बांध हॉर्नबी गव्हर्नराच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यास 'वेलार्ड' म्हणत, आणि हा शब्द कुंपण किंवा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला. इंग्रज गव्हर्नराचा बांध, पोर्तुगीज नांव, आणि त्या कामांत समुद्रांतून महालक्ष्मी प्रकट झाल्याची कोंकणी आख्यायिका! आख्यायिकेला इतिहास मानूं नये. पण एकाच बांधाला तीन भाषांनीं आपापली खूण केली, ही गोष्ट नोंद करण्यासारखी खरीच.

येथून आपण मुख्य प्रश्नाकडे येतों. मुंबईनें सर्व जातिधर्मांस पहिल्यापासून पोटाशीं धरिलें, हें वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु तें कर्ता नसलेलें वाक्य आहे. नगरी कोणास पोटाशीं धरीत नाहीं. माणसें करार करितात. गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर याच्या कारकीर्दींत, १६७७ सालीं, दीव येथील वाणी नीमा पारेख यानें मुंबईस येऊन राहण्यापूर्वीं कलमवार अटी घातल्या. आपल्या धर्माप्रमाणें वागण्यास अडथळा नसावा, प्रेतें जाळूं द्यावीं, कोणासहि सक्तीनें ख्रिस्ती करूं नये, आपल्या आवारांत परधर्मीयानें राहूं नये व जीवहत्या करूं नये, इत्यादि त्या अटी होत्या, व त्या मान्य झाल्या. शेजारच्या पोर्तुगीज मुलखांत इन्क्विझिशनचा जाच होता. इंग्रजांस व्यापारी पाहिजे होते, व्यापाऱ्यांस अभय पाहिजे होतें. यांत औदार्यापेक्षां व्यवहार अधिक आहे, पण त्यानें त्याचें मोल कमी होत नाहीं. औदार्य मावळतें, लिहून घेतलेली अट दुसऱ्यास दाखवितां येते.

याच काळांत सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख यानें कंपनीकडे छापखान्याची मागणी केली व त्याप्रमाणें १६७४ सालीं हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक मुंबईस आला. ब्राह्मणांचे जुने ग्रंथ छापावे, ही भीमजीची इच्छा होती. हिल्सला देशी अक्षरांचे खिळे पाडतां आले नाहींत म्हणून बेत फसला. दर्पणाच्या १८३२ सालच्या पहिल्या अंकाआधीं दीडशेंहून अधिक वर्षें एका वाण्याच्या मनांत पोथ्या छापण्याचें आलें होतें, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस तरी ठाऊक असली पाहिजे. वाटाड्यांच्या पुस्तकांत ती मला आढळली नाहीं.

वेगवेगळ्या समाजांविषयीं सांगतांना तर हे लेखक हटकून ऐतिह्याकडे धांव घेतात. पारशांविषयीं दुधांत साखर विरघळल्याची कथा सांगतात. पारशांच्या आगमनाचा मुख्य फारसी ग्रंथ जो १५९९ सालचा 'किस्सा-ए-संजान', त्यांत ही साखर नाहीं. उलट आजच्या मुंबईच्याच हद्दींत, कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यांत, पहलवी लिपींतील लेख कोरलेले आहेत. ते वेस्ट यांनीं वाचून १८८० सालीं प्रसिद्ध केले. त्यांवरील तिथी इ. स. १००९ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांतील आणि १०२१ च्या ऑक्टोबरांतील आहेत. लेणीं पाहावयास आलेल्या पारशांनीं आपलीं नांवें तेथें लिहून ठेविलीं. बौद्धांच्या विहारांत पारशी प्रवासी, तेंहि हजार वर्षांपूर्वीं! प्रवाशांसाठीं लिहिणाऱ्यास याहून योग्य गोष्ट कोणती मिळणार?

बेने इस्राएल लोकांचेंहि तसेंच. मांडवीवरील त्यांचें जुनें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं बांधिलें. दिवेकर, पेणकर हीं आडनांवें कोंकणांतील गांवांचीं. घरची भाषा मराठी. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाची पोथी १८७४ सालीं पुण्यास छापली, तींत हिब्रू संहितेस मराठी अर्थ जोडलेला आहे आणि चित्रांतील स्त्रिया लुगडीं नेसून सणाच्या भाकरी करीत आहेत. 'अनेक संस्कृतींचा संगम' असें मोघम लिहिण्यापेक्षां या एका पोथीचें वर्णन दिलें असतें, तर वाचकास अधिक समजलें असतें. माहीमचे मखदूम अली फकीह (१३७२–१४३१) यांच्या दर्ग्याच्या उरुसांत पोलिसांची चादर पहिली चढते, एवढें सगळे सांगतात. पण ते कोंकणांतील मोठे पंडित असून त्यांनीं कुराणावर अरबी भाष्य लिहिलें, हें थोडेच सांगतात.

आणि मुंबई 'इंग्रजांची वखार' म्हणणाऱ्यांस परळ येथें सांपडलेला शिलाहार अपरादित्याचा शके ११०८ चा लेख दाखवावा. त्यांत साष्टीचा उल्लेख 'षट्षष्टि' असा, म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रदेश या अर्थानें, आहे. लेखाची भाषा संस्कृत असून शेवटचें गधेगाळीचें शापवचन मात्र मराठींत आहे. दान राजाच्या भाषेंत व दटावणी लोकांच्या भाषेंत, ही सोय बाराव्या शतकांतील परळास ठाऊक होती. त्याच परळांत १९३१ सालीं रस्त्याचें काम चालू असतां शिवाची अतिभव्य प्राचीन मूर्ति निघाली. इंग्रजांचें जहाज बंदरास लागण्यापूर्वींच्या हजार-बाराशें वर्षांची ही साक्ष आहे.

ही चिकित्सा केवळ पांडित्याची हौस नव्हे. खोट्या कागदावर विसंबल्यानें काय होतें, याचें उदाहरण याच शहरांत आहे. वाळकेश्वराच्या देवळाचा १७१५ च्या सुमारास जीर्णोद्धार करणारे रामा कामती यांच्यावर कान्होजी आंग्र्यांशीं संधान बांधल्याचा आरोप येऊन १७२० सालीं चौकशी झाली. आंग्र्यांस लिहिलेलें म्हणून एक पत्र पुराव्यांत आलें. कामतींची मालमत्ता गेली व ते कैदेंतच मेले. तें पत्र व त्यावरील शिक्का बनावट असल्याचें मागाहून उघडकीस आलें. तेव्हां पत्र कोठून आलें, कोणीं आणिलें, शिक्का कोणाचा, हे प्रश्न त्याच वेळीं कोणीं विचारिले असते, तर एका मनुष्याचें आयुष्य वांचलें असतें.

एकंदरींत पाहतां, या वर्गाच्या ग्रंथांचा गुण त्यांच्या लोकप्रियतेंत आहे व दोष त्यांच्या मौनांत. ते चुकीचें सांगतात त्यापेक्षां आधार सांगत नाहींत, हा अपराध मोठा. माडगांवकरांनीं डोळ्यांनीं पाहिलें तें लिहिलें म्हणून त्यांचें वर्णन दीडशें वर्षांनंतरहि टिकून आहे. आजच्या वाटाड्यांनीं एकमेकांचें पाहून लिहिलें म्हणून त्यांचीं पुस्तकें एकसारखीं आहेत. परंतु सर्व दोष त्यांच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. पुरावा जोंवर मंडळांच्या कपाटांत व परभाषेंतील ग्रंथांत राहील, तोंवर वाटाड्यानें तरी तो कोठून आणावा?

गिरगांव, भुलेश्वर, मांडवी, माजगांव येथील जुनीं घरें व वाड्या पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. घर मोकळें करितांना माळ्यावरील पेट्या निघतात; त्यांतील मोडी, गुजराती, फारसी, पोर्तुगीज कागद रद्दीच्या भावानें जातात, आणि जे संग्राहकांच्या हातीं येतात ते बहुधा घराचें नांव गमावून येतात. सबब संग्राहक मित्रांस एवढीच विनंति आहे कीं, मुंबईचा कागद दिसल्यास तो 'अलीकडचा' म्हणून टाकूं नये. आणि घेतल्यास कोणत्या वाडींतील, कोणत्या घराण्याचा, कोणत्या दिवशीं मिळाला, हें त्याच वेळीं त्याच्या वेष्टनावर लिहून ठेवावें. हें चार ओळींचें टिपण ज्यास जोडलेलें आहे तो कागद शब्दप्रमाणांत जाईल. ज्यास नाहीं, तो कितीहि जुना असला तरी वडावरच्या यक्षाच्या पंक्तीस बसेल. इत्यलम्.